पिल्लं पसरली पाहिजेत

दुकानात जायचं, हीटर मागायचा आणि पिशवीत घालून घरी यायचं, एवढंच काम आहे असं मला वाटलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेली बाई. उष्णता कशी पसरते ते फळ्यावर बाण काढून दाखवलंय मी. पण जावयाच्या बोटीवरची टीचभर केबिन गरम करायला कुठला हीटर घ्यावा, हे विचारायला निघाले आणि पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याचा भुगा झाला.

आधी बोटीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल नाशकात कुठला समुद्र. गिरणाऱ्याच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्यावर माझी मुलगी संजना आणि जावई सुयश यांची एक छोटी बोट आहे. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात आणि ते बघायला माणसं येतात. बोट सुयश चालवतो, पण पक्षी ओळखते संजना. लांब पाण्यावर मला नुसते काळे ठिपके दिसतात. ती म्हणते, "आई, थापट्या आहेत ते, आणि मागे दोन तलवार बदकं." लोक तिच्यासाठी येतात. ती नसेल तर ती फेरी म्हणजे पहाटे उठून गार पाणी बघून येणं.

यंदा मात्र घरात पिंकी आली होती. पिंकी म्हणजे माझी नात, अजून अंगावर पिणारी. बाटली तोंडाला लावली की अशी तोंड फिरवते, जणू आम्ही तिचा अपमान केलाय. पक्षी बघायचे तर उजाडायच्या आत पाण्यावर असावं लागतं, म्हणजे संजना जाणार तर पिंकीही बरोबर जाणार. बोटीला केबिन आहे. दोन बाकं, वर छप्पर, तिन्ही बाजूंना सरकत्या काचा आणि मागे दार. पण पौषातल्या पहाटे ती केबिन फ्रिजसारखी गार असते.

संजनाच्या सासूबाई वत्सलाबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी अडवलं नाही, पण स्पष्ट सांगितलं, "केबिन उबदार करा आणि खुशाल न्या. गारठ्यात माझी नात जाणार नाही."

त्यात चूक काही नव्हतं. पण हंगाम असतो थोडा. थंडी ओसरली की पक्षी उडाले. यंदा संजना घरी बसली तर पुढच्या वर्षी 'आता पोर चालायला लागलीय' म्हणून घरी, त्याच्या पुढच्या वर्षी 'शाळेचं बघायचंय' म्हणून घरी. माझ्यासमोर किती हुशार मास्तरणी अशा बसता बसता बसूनच राहिल्या. माझ्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं आणि सुयशला म्हटलं, "चला, हीटर मी घेऊन देते."

मेन रोडच्या दुकानदाराने विचारलं, "रूम केवढी?"

"रूम नाही, बोट आहे," मी म्हटलं.

"बोट म्हणजे?"

"बोट म्हणजे बोट. पाण्यावर चालते ती."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग सुयशकडे, आणि दोन लाल दांड्यांचा हीटर काढून ठेवला. सुयश म्हणाला, हा बोटीच्या बॅटरीवर लावला तर बॅटरी बघता बघता रिकामी होईल, मग इंजिन चालू होणार नाही आणि आपण पाण्याच्या मधोमध. दुकानदार म्हणाला, मग तेलाचा घ्या. मला वाटलं, चला, तेलावर चालतो तर बॅटरीचा प्रश्नच मिटला. तर नाही! तेल आत कोंडलेलं असतं आणि ते तापवायला पुन्हा वीजच लागते. "मग तेल कशाला?" मी विचारलं. "ऊब धरून ठेवायला," तो म्हणाला. पुढच्या दुकानात म्हणाले, तेल-बिल सोडा, पंख्याचा घ्या. तिथून निघताना मला वाटलं, हे सगळे एकाच वस्तूला वेगवेगळे कपडे घालून दाखवतायत.

कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, कोळशाची शेगडी ठेवा. त्याला मात्र मी साफ नाही म्हटलं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात असते. तेवढं एक मला नक्की कळत होतं.

मग सुयशने मोबाईलवर डिझेलचा हीटर दाखवला. बर्फाच्या मुलखातले ट्रकवाले लावतात तसला. त्यातली आग एका बंद डब्यात जळते, बाहेरची हवा घेते, तिचा धूर नळीने बाहेर जातो आणि आत येते फक्त गरम हवा. आडगाव नाक्यावर भिकन नावाचा ट्रकचा मेकॅनिक आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मागवून देतो मॅडम, पण बोटीला भोक पाडावं लागंल. नळी बाहेर काढायला."

हे मी चांदवडला घरी फोनवर सांगितलं, तर आमचे हे ताडकन ओरडले, "भोक? बोटीला?"

आमचे हे म्हणजे मल्हारी. नाव घ्यायला मी घाबरत नाही. चांदवडजवळ आमची पोल्ट्रीची शेड आहे, आणि आयुष्यभर एक दिवसाच्या पिल्लांना ऊब देत आल्यामुळे ऊब या विषयातलं शेवटचं मत आपलंच, असं त्यांना वाटतं.

"सुला, तुम्ही शहरात कशाला वणवण करताय? पिल्लाला आई नसती, तिची ऊब मी देतो. एवढ्या पिल्लांना देतो, तर एका नातीला द्यायला मला दुकान लागतंय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी ते टेम्पोत गॅसचा ब्रुडर टाकून नाशकात हजर. ब्रुडर म्हणजे पत्र्याची छत्री, तिच्या आत गॅसची ज्योत. शेडमध्ये पिल्लांच्या डोक्यावर टांगतात. "बघ, धूर नाय, राख नाय, निळी ज्योत. बॅटरी लागत नाय. भोक पाडावं लागत नाय."

सुयश म्हणाला, "पप्पा, गॅस आहे, बंद केबिनमध्ये..." पण सासऱ्यापुढे जावयाने किती बोलावं याची त्याची स्वतःची एक हद्द आहे, तिथे तो थांबला. संजना वडिलांवर चिडली होती की खूश होती, मला कळलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नव्हतं. मी विज्ञानाची बाई, माझ्याकडे सगळे बघू लागले. मला शेगडी नको होती, कारण धूर. इथे धूर नव्हता. वास नव्हता. मी म्हटलं, बघू तरी.

मग त्यांनी केबिनच सजवायला घेतली. काचांच्या फटींत फोमच्या पट्ट्या, छपराच्या कडेने शेडच्या पडद्याचं जाड कापड, दाराच्या चौकटीला रबर. अगदी हौसेने, तोंडात खिळे धरून, गुणगुणत. मी विचारलं, "अहो, हवेचं काय?"

"हवेपायीच तर बंद करतोय," ते म्हणाले. "पोरीला वारा लागायला नको."

त्यांना इतकं मन लावून काम करताना मी फार दिवसांनी बघत होते. मला त्यांचं कौतुक वाटलं, तेही सांगून टाकते.

रविवारी पहिली मोठी मंडळी येणार होती. म्हणून शनिवारी पहाटे परीक्षा ठरली. आम्ही सगळे किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती. वत्सलाबाई पिंकीला शालीत गुंडाळून गाडीत बसल्या होत्या. आणि आमच्या ह्यांनी टेम्पोतून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं. खोक्यातून चिवचिव येत होती.

संजनाने कपाळावर हात मारला. "पप्पा! माझ्या पोरीच्या केबिनमध्ये कोंबड्या?"

"थर्मामीटर खोटं बोलंल, पिल्लू नाय बोलणार," ते म्हणाले.

हे शास्त्र आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ब्रुडर लावायचा, पिल्लं सोडायची आणि नुसतं बघायचं. सगळी छत्रीखाली गोळा झाली, तर त्यांना थंडी वाजतेय. कडेला पळून चोची वासून बसली, तर उकडतंय. एका बाजूला सरकली, तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. आणि सगळीकडे पसरून निवांत बसली, की पास. 'पिल्लं पसरली पाहिजेत,' हे वाक्य संजनाने लहानपणी पाढ्यांच्या आधी पाठ केलेलं.

तर बोट किनाऱ्याला बांधलेली, सुयश पुढे इंजिनापाशी, संजना काठावर. आम्ही दोघं पिल्लं घेऊन केबिनमध्ये गेलो. खाली तूस पसरलं, ब्रुडर पेटवला, दार लावलं.

थोड्याच वेळात इतकी छान ऊब आली म्हणून सांगू! मी शाल काढली. मग स्वेटरची बटणं काढली. पिल्लं आधी छत्रीखाली गोळा झाली, मग हळूहळू सुटी होत सगळ्या जमिनीवर पसरली, पिवळी पिवळी. एकाने तर माझ्या पायावरच बैठक मारली. आमच्या ह्यांनी काचेवर टकटक करून बाहेर अंगठा दाखवला. "पास!"

काठावरून संजना हसली. किती दिवसांनी तिचं तसं हसणं बघत होते मी. ती गाडीकडे वळली, पिंकीला आणायला.

मग पिल्लं उठली.

एकेक करून उठली आणि दाराकडे चालू लागली. दाराच्या खाली, चौकटीचं रबर जिथे नीट बसलं नव्हतं, तिथे बारीकशी फट राहिली होती. त्या फटीपाशी सगळी गर्दी करून बसली. एकावर एक.

"उकडतंय वाटतं," हे म्हणाले आणि त्यांनी ज्योत बारीक केली.

पिल्लं तिथंच.

"गार झालं का मग?" त्यांनी ज्योत मोठी केली. पिल्लं तिथंच. आता ते गोंधळले. "त्या फटीतनं तर वारा येतोय. वाऱ्यापासून पिल्लू लांब पळतं. हे वाऱ्याकडं कसं पळतंय? असं नाय करत पिल्लं."

मलाही कळेना. थंडी असेल तर छत्रीखाली जातील, उकडत असेल तर कडेला जातील, वारा असेल तर उलट्या बाजूला जातील. हे चौथं काय? माझं डोकं जरा ठणकत होतं. सकाळचा चहा झाला नव्हता, त्याचंच असेल असं वाटलं.

"ती फटच बुजवतो," ते म्हणाले आणि त्यांनी गळ्यातला पंचा काढून दाराखाली कोंबला. पिल्लांना हाताने मागे लोटत लोटत कोंबला. पिल्लं पुन्हा पंच्याला येऊन चिकटली. चिवचिवाट कमी झाला होता. शांत बसलीयत, बरंय, असं मी म्हटलं की नुसतं मनात आलं, आठवत नाही.

मला सारखा काचेचा ग्लास आठवत होता. पालथा घातलेला ग्लास. आता ह्या वेळी ग्लास कशाला आठवतोय, तेच समजेना. पाणी प्यायचंय का मला? पण तहान तर नव्हती. ग्लास, टेबल, समोर पोरं बसलेली. काहीतरी पुढचं होतं, ते डोक्यात येईच ना. हे बाकावर बसले होते आणि म्हणत होते, "वारा... वाऱ्याकडं..." आणि वाक्य संपतच नव्हतं. त्यांचा चेहरा लालसर दिसत होता. मला वाटलं, उबेने तुकतुकीत झालेत. बरे दिसतायत.

दारावर थाप पडली. "आई, आणू का हिला आत?"

संजना होती. काचेतून मला शाल दिसली, शालीतून बाहेर आलेलं पिंकीचं टोपरं दिसलं. हो म्हणायला मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. हो म्हणणं सोपं होतं, नुसती मान हलवायची होती. म्हणून खाली बघितलं, दारातली पिल्लं बाजूला करावीत, नाहीतर पोरीच्या पायाखाली येतील. पंच्यावर मान टाकून एक पिल्लू पडलं होतं. त्याच्यावर दुसरं. दोघांच्याही चोची फटीकडे.

आणि मग तो ग्लास पूर्ण दिसला. त्याच्या आत मेणबत्ती होती. दरवर्षी मी पोरांसमोर मेणबत्ती पेटवते, तिच्यावर ग्लास पालथा घालते आणि विचारते, "सांगा, का विझली?"

"नको!" मी ओरडले. मला वाटलं ओरडले. संजना नंतर म्हणाली, नुसता घोगरा आवाज आला. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच. मी दारावर पडले, सगळ्या अंगाने. दार बाहेर उघडलं आणि मी पिल्लांसकट काठाला लावलेल्या फळीवर कोसळले. "तिला लांब ने! लांब ने तिला!"

सुयश धावला. त्याने आधी गॅस बंद केला, मग सासऱ्याला बगलेत धरून ओढत बाहेर काढलं. आम्ही दोघं ओल्या गवतावर ओकलो. मागे वत्सलाबाई पिंकीला छातीशी धरून उभ्या होत्या आणि पिंकी कडाक्याच्या थंडीत खणखणीत रडत होती. त्या रडण्यासारखं गोड मी काही ऐकलेलं नाही.

दवाखान्यात आम्हाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, धूर दिसला नाही म्हणजे विषारी वायू नाही असं नसतं. एवढ्याशा बंद जागेत ज्योत हवा खाऊन टाकते आणि मग नीट जळत नाही. आधी डोकं दुखतं, मग विचारच करता येत नाही, आणि म्हणूनच माणूस उठून दार उघडत नाही. बाळ आत असतं तर...

संध्याकाळी आमचे हे चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाले, "सुला, शेडवर पडदा आपण कसा लावतो?"

"खालून वर. आणि वरती वीतभर मोकळा."

"कडाक्याच्या थंडीत?"

"कडाक्याच्या थंडीतसुद्धा."

"बापाने शिकवलं तसं करत आलो. वीतभर मोकळा ठेवायचा, नायतर पिल्लं गुदमरतात." त्यांनी कप खाली ठेवला. "कोंबडीच्या पिल्लाला मी हवा ठेवतो. आणि नातीचं म्हणून फट न फट बुजवली. लय जीव लावून बुजवली गं मी."

ते रडले. मीही रडले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण माझाच इतका आला होता की त्यांच्यासाठी उरला नाही.

मला वाटलं होतं, आता संपलं. वत्सलाबाई आता नात बोटीच्या आसपास फिरकू देणार नाहीत आणि संजना घरात बसणार. तेवढ्यात त्या आत आल्या.

"संजना, उद्याची मंडळी येणार आहेत ना? तू जा. मी पिंकीला घेऊन काठावर गाडीत बसते. भुकेली झाली की गाडीचे लाइट लावीन, बोट काठाला आण." मग आमच्या ह्यांच्याकडे वळल्या. "आणि भाऊ, रोज काही मला गाडीत बसायला जमायचं नाही. तो भोकवाला हीटर मागवा."

त्यांनी 'भोकवाला' म्हटलं आणि रडता रडता मला हसू फुटलं.

भिकनने हीटर मागवला. नळी कुठून काढायची हे त्याने खडूने आखलं, पाण्याच्या बरंच वर. भोक कोणी पाडायचं यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा आमच्या ह्यांनी ड्रिल हातात घेतलं. भोक अगदी गोल पाडलं. छपराच्या कडेचा पडदा त्यांनी स्वतःच उसवला. भिकन म्हणाला, "काका, ह्याचा धूर बाहेरच जातो, काचा लावल्या तरी चालंल, फक्त विषारी गॅस झाला की वाजणारी ही शिट्टी आत ठेवा." ह्यांनी ती शिट्टी बसवली आणि तरी एक काच वीतभर सरकवून तिच्या खाचेत लाकडाची पाचर ठोकली, म्हणजे कोणाला ती लावताच येऊ नये.

पुन्हा पहाटे खोकं आलं. ह्या वेळी दार सताड उघडं आणि सुयश दारात. पिल्लं पसरली. आम्ही बघत राहिलो. बराच वेळ बघत राहिलो. ती पसरलेलीच राहिली. तरी हे 'पास' म्हणाले नाहीत. खोकं उचललं आणि टेम्पोत नेऊन ठेवलं.

पुढच्या रविवारी मी आणि हे केबिनमध्ये पिंकीजवळ बसलो होतो. बाहेर संजनाचा आवाज येत होता, "डावीकडे बघा, हळू, ते चक्रवाक." काचेच्या फटीतून गार वाऱ्याची एक बारीक पट्टी माझ्या कानाला लागत होती आणि पायांना ऊब. पिंकी दूध पिऊन बाकावरच्या गादीवर झोपली होती. हे तिच्यावरून नजर हलवत नव्हते. मधेच शिट्टीकडे बघत, मधेच फटीपाशी हात नेऊन वारा येतोय ना ते बघत, आणि पुन्हा तिच्याकडे.

झोपेत पिंकीने दुपटं लाथाडलं. दोन्ही हात डोक्याच्या वर टाकले, दोन्ही पाय फाकवले आणि अख्ख्या गादीभर ऐसपैस पसरली.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"पास," ते म्हणाले.